मालूची ओळ

गुणाबाईनं सुपारी घेतली तेव्हा मालू जिवंत होती. पुढचं सगळं अवघड झालं ते एवढ्या एका गोष्टीमुळे.

माघ महिना होता. मिठागराच्या काळूराम मुकादमाची बायको गंगाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, ताटात तांदूळ, नारळ आणि सुपारी घेऊन दारात उभी राहिली. तिच्या लेकीचं, भामाचं, लग्न उरणजवळच्या मोरा गावात ठरलं होतं, वैशाखातलं.

"गुणावयनी, आमचे मांडवात तूच गायाचा. दुसऱ्या कुनाचा नाव मुकादमानं काढू दिला नाय."

गुणाबाई गावची धवलारीण, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी गाणारी. पनवेलच्या खाडीकाठच्या त्या आगरी वस्तीत भटावाचून लग्न लागायचं, धवलारणीवाचून नाही. खांब रोवायचा, हळद दळायची, पाणी आणायचं, नवरीला न्हाऊ घालायचं, सगळं तिच्या धवल्यांवर. तिनं ओळ म्हटली की हात हलायचे, ती थांबली की हात थांबायचे. म्हणून सुपारी हातात घेतली की घेतली. मग घरात ताप असो नाहीतर तिरडी, गायला जायचं. गुणाबाईच्या सासूच्या वेळी एक धवलारीण मांडवातून रुसून उठून गेली होती. त्या जोडप्याची नातवंडं झाली तरी गाव त्यांना 'अर्ध्या गाण्याची' म्हणत होतं.

आणि मालू ही तिची धाकटी जाऊ. गुणाबाई पुढची ओळ म्हणायची, मालू तीच फिरवून, जरा वरच्या पट्टीत, तिच्या हातात परत द्यायची. मालू गायची तेवढ्यात गुणाबाई श्वास घ्यायची. नवरा गेल्यावर गुणाबाईनं कोणाच्या आधारानं दिवस काढले असं कुणी विचारलं असतं, तर तिनं मालूच्या ओळीकडे बोट दाखवलं असतं.

"काय गो गंगाबाय," मालू आतून बोलली, "मुकादमाचे मांडवात आमाला बसायला पाट देशील, का मिठाची पाटी उलटी घालून बसवशील?"

"तुज्या तोंडाला कुलूप घालायला पायजे, मालू."

"घाल की! चावी तेवढी आमचे बायकडं दे, म्हंजे झाला."

तिघी हसल्या. गुणाबाईनं सुपारी उचलून कनवटीला लावली.

कुलूप लागलं ते फाल्गुनात. मालूच्या तोंडाला नाही, टाक्याला.

कळंबोलीच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी ते मिठागर. मालक सेठ मुंबईत. बांधावर त्याचा बंगला, आणि बंगल्याला लागून गोड्या पाण्याचं दगडी टाकं. सकाळपासून मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाया दुपारी तिथं जायच्या, ओंजळीनं पाणी प्यायच्या, तोंडावर मारायच्या. चहूकडे पाणीच पाणी, पण जिभेला लावता येईल असं एवढंच. त्या वर्षी सेठनं बंगल्यावर मजला चढवायला काढला. गवंड्यांना पाणी हवं. टाक्याच्या लोखंडी झाकणाला कुलूप आलं, आणि चावी काळूरामच्या करगोट्याला.

"प्यायचा पानी घरून आना," काळूरामनं सांगितलं.

"घरून?" गुणाबाई म्हणाली. "डोका एक हाय मुकादम. त्याचेवर पाटी घेव का हंडा?"

"मना नको विचारू वयनी. सेठची आर्डर हाय."

"तूच सांगतोस म्हनून तुनाच विचारते. तू पन वायली पाटी कधीकाळी. इसरलास?"

तो विसरला नव्हता. म्हणूनच तिच्याकडे न बघता निघून गेला. त्याच बांधावर हा काळू आणि गुणाबाई लहानपणी खेकडे धरायचे. तेव्हा त्याच्या करगोट्याला चावी नव्हती, फक्त करगोटाच होता.

चैत्रातल्या एका दुपारी मालू पाटी ठेवून टाक्याकडे गेली. कुलूप दोन्ही हातांनी हलवलं. परत आली. "नाय गो बाय, नाय उघडत," असं म्हणाली, जसं काही हलवल्यावर उघडलंच असतं. पाटी डोक्यावर घेतली, चार पावलं गेली आणि दोन वाफ्यांमधल्या चिंचोळ्या बांधावर तशीच खाली बसली. मग आडवी झाली. मीठ तिच्या अंगावर सांडलं.

गुणाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ पांढरे, त्यावर मिठाची पूड. "पानी! पानी आना गो कोन!" बाया धावल्या. काळूराम बंगल्यावरून तांब्या घेऊन पळत आला, खरंच जीव तोडून पळत आला, अर्धं पाणी वाटेत सांडलं. उरलेलं त्यानं मालूच्या तोंडात घातलं. ते गालावरून खाली आलं.

इथवर गुणाबाईनं त्याला कदाचित माफही केलं असतं. पण संध्याकाळी सेठचा माणूस आला. त्यानं नाकाला रुमाल लावून विचारलं, "काय झालं हिला?" आणि काळूराम, मालूच्या पायाशी उभा राहून, म्हणाला, "बाई आधीपासून आजारी होती साहेब."

गुणाबाई तिथंच होती.

"आजारी?" तिचा आवाज बांधाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. "सकाळी भांडली माज्याशी, पाटी आधी कोन भरनार म्हनून! आजारी मानूस भांडतो काय रे? काळू! इकडं बघ! आजारी होती?"

काळूरामनं बघितलं नाही. सेठच्या माणसानं मान डोलावली. मालू आजारी होती, हे ठरलं.

युनियनचा काशिराम सायकलीवरून आला तो तिसऱ्या दिवशी. उरणकडचा, एके काळी मीठच वाहिलेला, आता पनवेलला राहून कामगारांची कामं करणारा माणूस. भाषण चांगलं करायचा. बाया रडल्या, मुठी वर झाल्या. त्यानंच युक्ती काढली: दर बाजाराच्या दिवशी मामलेदार कचेरीच्या पायऱ्यांवर रिकामे हंडे घेऊन बसायचं. टाकं उघडेपर्यंत.

पहिल्या बाजाराला सगळं मिठागर पायऱ्यांवर होतं. कचेरीतला शिपाई ओरडला, "अहो बाई, हंडे बाजूला घ्या, साहेबांना चढायला जागा नाही!"

"साहेबांना सांगा उडी मारा," रंभा म्हणाली. रंभा गुणाबाईची शेजारीण. जीभ अशी की बाजारातले भाजीवाले तिला आधीच भाव उतरवून सांगायचे. बाया खदखदून हसल्या. वाटेनं जाणारा एक टोपीवाला गृहस्थ थांबला, कनवाळूपणे म्हणाला, "पनवेलला तळ्यांची काय वाण आहे का? वडाळे तळ्यावरून भरून घ्या ना हंडे."

गुणाबाई उठून उभी राहिली. "भरते. आनि तुमी माज्या बरोबर चला दादा, डोक्यावर घेऊन. मिठागरापर्यंत. वाटेत तान लागली तर पेवाचा नाय हां, ते दुपारसाठी हाय."

गृहस्थ गेला. मामलेदार साहेबांनी 'चौकशी करतो' असं सांगितलं.

दुसऱ्या बाजाराला निम्म्या बाया. पायऱ्यांवर बसलेल्यांना काळूराम दुसऱ्या दिवशी कामावर घेईना. कुणाच्या पोराला गोवर निघाला, कुणाच्या नवऱ्यानं दटावलं. काही नुसत्याच कंटाळल्या. त्यांनी कारणसुद्धा शोधलं नाही. मग चौघी. मग गुणाबाई, रंभा आणि हंडे.

शिपाई आता ओरडतही नव्हता. एके दिवशी तर त्यानं चहा आणून दिला. गुणाबाईला तो चहा थोबाडीत मारल्यासारखा लागला. आपण ज्याची अडचण व्हायची त्यानं आपल्याला चहा द्यावा? म्हणजे आपण आता अडचणही राहिलो नाही?

त्याच दिवशी काशिराम आला. सायकल टेकवली, पण स्टँडवर लावली नाही.

"गुणाबाई, आता जरा थांबा. मोठं काम लागलंय. गावोगाव सभा हायत. संयुक्त महाराष्ट्र करायचा, मुंबई मिळवायची हाय आपल्याला."

"मिळव की. मी पन येते ओरडायला. पन मना एक सांग, मुंबई आली म्हंजे तिचे संगं आमचा सेठ पन येईल ना?"

"सेठ... आता तो तिथंच राहतो म्हटल्यावर..."

"मंग टाक्याची चावी?"

"हे बघा, तुमचा प्रश्न एका मिठागराचा हाय. हा साऱ्या राज्याचा हाय."

"मालू कोनच्या राज्यात मेली रे?"

काशिराम सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. "तुमचा राग समजतो मना गुणाबाई."

"समजू नको. बस. इथं, पायरीवर. जागा रिकामीच हाय."

त्यानं खरंच एकदा पायरीकडे बघितलं. मग पॅडलवर पाय ठेवला. "येतो मी. सभा आटोपली की येतो."

रंभानं त्याच्या मागे एक शिवी घातली. पण पुढच्या बाजाराला रंभाही आली नाही.

गुणाबाई तडक तिच्या घरी गेली. रंभा ओटीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"का गो नाय आलीस?"

"जमला नाय."

"पाय मोडला?"

"मोडला नाय." सूप थांबलं. "खरा सांगू? राग नाय येत मना आता. मालू गेली तवा असा वाटला, काळूला धरून त्या टाक्यात बुडवावा. दोन-तीन बाजार तो राग पुरला. आता नुसती बसते मी तिथं आनि माज्या कोंबड्या कोन डांबनार त्याचा इचार करते. रोज रोज राग कुठून आनू बाय? तू कुठून आनतेस?"

या प्रश्नाचीच चीड आली गुणाबाईला. राग म्हणजे काय बाजारातून आणायची वस्तू आहे?

"मी आनत नाय," ती म्हणाली. "तो तिथं लटकलेला हाय, टाक्याचे झाकनाला. रोज सकाळी कामाआधी मी तिथं जाते, तुना ठाव हाय? त्या कुलपासमोर उभी राहते. हातात घेऊन बघते. मालूनं घेतला तसा, दोनी हातांनी. बस. तेवढा दिवसभर पुरतो."

"रोज?"

"घरात बसून मना पन नाय येत. घरात बसले की मना पन कोंबड्याच आठवतात."

सूप पुन्हा हलू लागलं, पण तांदूळ भलतीकडेच उडत होते.

वैशाख लागला. मुकादमाच्या दारात मांडव पडला. गंगाबाईला गुणाबाईच्या घराची पायरी चढायचा धीर झाला नाही. आली ती भामा, नवरीच. हातात बांगड्या भरलेल्या, डोळे खाली.

"काकी, आये म्हनते तू येनार नाय."

"आनि बापूस?"

"बापूस म्हनतो येईल. सुपारी घेतली हाय, म्हनतो."

गुणाबाई निवडत असलेल्या सुकटीवरचा हात तसाच ठेवून बसली. बरा ओळखतो काळू. त्याला ठाऊक आहे की शिव्या देत, दात खात, पण ही येणार. त्याच भरवशावर तो मालूच्या पायाशी उभा राहून खोटं बोलला असेल. मालूच्या जिवापेक्षा तिची सुपारी त्याला जास्त पक्की वाटली!

एकदा वाटलं, कनवटीची सुपारी काढावी आणि या पोरीच्या हातावर ठेवावी. जा, सांग बापाला. पण पोरगी समोर उभी होती. तिनं कुणाला तहानेनं मारलं नव्हतं. 'अर्ध्या गाण्याची' म्हणून जन्मभर तिलाच ऐकून घ्यावं लागलं असतं, काळूला नाही.

"येईन," ती म्हणाली. "पन तुज्या बापासाठी नाय."

जाता जाता भामा दाराशी थांबली. "काकी, हळदीचा पानी या टायमाला टाक्यावरून आनायचा हाय. गावची विहीर तळाला गेली ना. बापूस म्हनला, मोऱ्याची मानसां काय गढूळ पान्यात न्हानार? त्यांना दाखवायचा हाय त्याला, सेठचा टाका आपल्या हातात कसा हाय ते."

"टाक्यावरून? गाऊन?"

"गाऊनच ना. तू कलश घेऊन पुढं, बायका हंडे घेऊन मागं. रीतच हाय ना तशी?"

रीत तशीच होती. हळदीचं पाणी चोरून आणत नाहीत. धवलारीण पुढे, गावातल्या साऱ्या बाया मागे, वाजतगाजत. ज्या झाकणाजवळ त्या बायांना फिरकू द्यायचं नाही ते झाकण काळूराम स्वतःच्या हातानं उघडणार होता, त्याच बायांसमोर, त्यांचे हंडे त्यांच्याच कमरेवर असताना. व्याह्यांपुढे मिरवायच्या नादात हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. भामा हे मुद्दाम सांगून गेली की सहज, गुणाबाईला कधीच कळलं नाही.

ती रंभाकडे गेली.

"उद्या पान्याला ये. घरात जो सगळ्यांत मोठा हंडा असेल तो घेऊन ये. सगळ्यांना सांग."

रंभाच्या हातातलं काम थांबलं. "काय करनार हायस तू? पोरीचे लग्नात तमाशा करशील?"

"मी गानार. सुपारी घेतली हाय, गानार. माजी ओळ मी म्हननार." ती थांबली. "मालूची ओळ कोन घेनार ते मना ठाव नाय."

"कोन घेनार?"

"तू घे."

"मी? माजा आवाज तुटक्या सनईसारखा!"

"मंग नको घेव. मंग ती मोकळीच राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवातून मिरवणूक निघाली. पुढे वाजंत्री, मग कलश घेतलेली गुणाबाई, मागे बाया. इतक्या बाया आल्या की गंगाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, राग विसरून आल्या. मोऱ्याचे पाहुणेही बघायला सोबत निघाले होते, व्याही बळीराम सर्वांत पुढे, डोळ्यांवर हात धरून मिठाच्या राशी बघत. काळूराम कोऱ्या धोतरात, कोटात. बांधावरून चालताना ती चिंचोळी जागा आली. गुणाबाई तिथं थांबली नाही. फक्त पाऊल जरा लांब टाकलं, मध्ये कुणी झोपलंय असं.

"हा बघा आपला टाका!" काळूरामनं करगोट्याची चावी सोडली, कुलूप काढून हातात धरलं, झाकण सरकवलं. आतून गार हवा वर आली.

गुणाबाईनं कलश बुडवला आणि पहिली ओळ धरली:

"पहिला कलश भरते गो गावदेवीचे नावाचा..."

आवाज स्वच्छ होता, बांधापलीकडे गेला. बायांनी हंडे बुडवले, भरले, टाक्याच्या कठड्यावर भोवतीनं मांडले. आता तीच ओळ मागून फिरून यायला हवी होती. ती आली की कलश डोक्यावर चढतो आणि पाणी घराकडे निघतं.

ओळ आली नाही.

वाजंत्रीवाल्यानं एक फेरी जास्त वाजवली आणि तोही थांबला. गुणाबाई कलश हातात धरून उभी. बाया एकेक करून टाक्याभोवती खाली बसल्या.

"गा वयनी," काळूराम हसत म्हणाला. "का थांबलीस?"

"मी नाय थांबले. माजी झाली म्हनून. आता मालूची ओळ हाय."

काळूरामचं हसू गेलं. व्याही बळीराम पुढे आला. भला माणूस, त्याला काय माहीत. "कोन मालू? बोलवा ना तिला. ऊन चढताय."

बायांनी माना वळवून काळूरामकडे बघितलं.

"बोलव मुकादम," गुणाबाई म्हणाली. "पाहुने सांगतात. मार हाक. तुज्याच मिठागरात हाय ती. त्या तिथं, बांधावर पडली होती, आता आलो ना आपन तिच्याच अंगावरून."

"वयनी, आज नको. पाया पडतो. आज नको."

"या टाक्याला कुलूप होता. तिनं हलवून बघितला. पान्यावाचून मेली मालू. पाहुने, तुमचे सुनेला ज्या पान्यानं न्हाऊ घालायचा ना, तेच्यावाचून."

"आजारी होती ती!" काळूराम ओरडला.

हाच शब्द गुणाबाईला हवा होता. ती दोन पावलं पुढे आली आणि भरलेला कलश त्याच्या छातीसमोर धरला. "परत बोल. यावर हात ठेव आनि बोल. तुज्या लेकीचे हळदीचा पानी हाय हा. ठेव हात. मालू आजारी होती, बोल."

काळूरामचा हात उठला. कलशाजवळ आला. तिथं तो अडला, आणि खाली गेला.

"सेठनं सांगितला होता," तो पुटपुटला.

"सेठ मुंबईत होता! चावी तुज्या कमरेला होती!"

"नोकरी जाईल माजी, वयनी! टाका उघडा ठेवला तर उद्या मना हाकलून देतील!"

"जाऊ दे! पाटी उचल, ये आमच्यात. मी पाजीन तुना पानी. हे उघडा असेल तर पाजीन."

एवढ्यात गंगाबाई पुढे आली. लेक घरी हळदीला बसलेली, मुहूर्त डोक्यावर, पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत. तिनं नवऱ्याच्या एका हातातलं कुलूप आणि दुसऱ्या हातातली चावी हिसकावली आणि दोन्ही खाडीत भिरकावली. "घे! आता काय लावतोस ते लाव! माजी पोर अर्ध्या गान्याची नाय व्हायची तुज्या सेठसाठी!"

"कुलपां बाजारात मिळतात गंगाबाय," गुणाबाई तशीच उभी राहून म्हणाली. कलश तिनं खाली घेतला नाही. "मना त्याचा शबूद पायजे."

बळीराम खाकरला. "देऊन टाका व्याही. प्यायचे पान्याला कोन कुलूप लावतो? आमच्या मोऱ्याला ऐकला तर लोक थुंकतील."

मग काळूरामनं हात ठेवला. कलशावर, दोन्ही. खालच्या मानेनं म्हणाला, "माज्या हातानं या टाक्याला परत कुलूप लागनार नाय."

"आनि?"

त्यानं मान वर केली, बांधाकडे बघितलं.

"मालू आजारी नव्हती."

कलश वर गेला. पण ओळ अजून बाकी होती, आणि ती आल्याशिवाय पाणी हलणार नव्हतं. गुणाबाईनं मुद्दाम कुणाकडे बघितलं नाही. ती खाडीकडे बघत राहिली. मागून, एकदम खालच्या पट्टीत, फाटका, बेसूर आवाज निघाला:

"पहिला... कलश भरते गो... गावदेवीचे नावाचा..."

रंभा. डोळे घट्ट मिटून गात होती.

"वर घे!" गुणाबाई मागे न वळता खेकसली. "मालू वर घ्यायची!"

"नाय जात वर!"

"रागानं घे, जाईल!"

आवाज वर गेला. सुरात नाही, पण वर. बायांनी हंडे उचलले. पाणी मुकादमाच्या घरी गेलं आणि बायांच्या घरीही गेलं. भामाचं लग्न पुऱ्या गाण्याचं लागलं.

नोकरीबद्दल काळूराम खरं बोलला होता. पावसाळ्याआधीच सेठनं त्याला काढलं. नवा मुकादम आला तो नवं कुलूप घेऊन. बाया टाक्याभोवती बसल्या. पोलीस आले, गुणाबाईला आणि रंभाला पनवेलच्या चौकीत एक रात्र ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या सुटून आल्या तेव्हा टाक्याभोवती आधीपेक्षा जास्त बाया होत्या, आणि त्यांच्यात, डोक्याला फडकं बांधून, काळूराम. गुणाबाईनं त्याला ओंजळभर पाणी दिलं.

"राग गेला ना वयनी?" त्यानं विचारलं.

"मालू आली काय परत?"

बाया रोज बसतच राहिल्या, आणि नवं कुलूपही उतरलं; कुणी, कधी उतरवलं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या बाजाराला गुणाबाई सकाळीच रिकामा हंडा घेऊन रंभाच्या दारात उभी.

"हे काय?" रंभा म्हणाली. "कुलूप तर गेला. आता कुठं?"

"कचेरीवर."

"कशाला?"

"पलीकडच्या मिठागराला टाकाच नाय. बाया डबक्यातला पितात. कालच गेले होते, बघून आले."

"ते आपला मिठागर नाय गो!"

"मंग काय झाला? तिथं पन कुनाची तरी जाऊ पाटी वाहते."

रंभानं कपाळावर हात मारला. कोंबड्यांना शिव्या घातल्या, काशिरामला घातल्या, मामलेदाराला घातल्या, आणि आत जाऊन हंडा घेऊन आली.

"तुना मरेपर्यंत राग येनार हाय काय गो?"

"तुजा संपला तर सांग," गुणाबाई चालू लागत म्हणाली. "माज्यातला देते."